असू दे, लागेल कधीतरी

उशाशी ठेवलेल्या घड्याळाचा एक कोपरा वर आलाय, हे मला दोन दिवस दिसत होतं आणि मी दोन दिवस काणाडोळा करत होते. घड्याळ म्हणजे खरं तर माझा जुना फोन. नवा घेतल्यावर जुन्याचं काय करायचं, म्हणून त्यात मोठे आकडे दाखवणारं एक ॲप टाकलं, चार्जर कायमचा लावला आणि पुस्तकांना टेकवून उभा केला. रात्री जाग आली की वेळ दिसायची, सकाळी गजर व्हायचा, आणि वर मनाला समाधान की वस्तू वाया गेली नाही. तीन वर्षं हे चाललं. आल्यागेल्याला मी ते कौतुकाने दाखवायचे.

तिसऱ्या दिवशी गजर बंद करायला हात लावला तर काच मऊ लागली. काच कधी मऊ लागते का? पण बोट टेकवलं की ती किंचित आत जायची आणि सोडलं की वर यायची. कडेच्या फटीतून आतला उजेड बाहेर झिरपत होता. फोटो काढून भाच्याला पाठवला. एरवी सकाळच्या मेसेजला संध्याकाळी उत्तर देणारा हा मुलगा, त्याचा अर्ध्या मिनिटात फोन.

"मावशी, आधी चार्जर काढ. भिंतीकडून काढ, फोनला हात नको लावूस."

"काढला."

"आता ते दाबायचं नाही, टोचायचं नाही, परत बसतंय का ते बघायचं नाही."

बसतंय का ते माझं आधीच बघून झालं होतं. ते त्याला सांगितलं नाही.

रिकाम्या मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घालून तो फोन तिच्यात ठेवला आणि कुंडी बाल्कनीच्या अशा कोपऱ्यात सरकवली, जिथे आसपास पेट घेईल असं काही नाही. मग भाच्याने शांतपणे समजावलं. लिथियम-आयन बॅटरीला सगळ्यात जास्त जाच होतो तो सतत शंभर टक्के भरलेलं राहण्याचा, आणि त्यात उष्णतेची भर पडली की विचारूच नका. आतला द्राव हळूहळू विघटित होतो, त्यातून वायू तयार होतो, आणि बॅटरीची पिशवी चहूबाजूंनी बंद असल्यामुळे ती पुरीसारखी फुगते. टोचली तर आतले थर एकमेकांना चिकटून पेट घेऊ शकतात. म्हणजे मी तीन वर्षं पुनर्वापर म्हणून जे मिरवत होते, ते उशीपासून हातभर अंतरावर रोज थोडं थोडं फुगत होतं.

"ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते आता बऱ्याच फोनमध्ये," तो म्हणाला. "तुझ्या त्या फोनमध्ये नव्हती. बरं, घरात असे अजून किती आहेत?"

"एखादा असेल," मी म्हणाले.

चार निघाले.

आमच्याकडे टीव्हीखाली एक खण आहे. घरातल्या बंद पडलेल्या, सुट्या झालेल्या, कशाच्या आहेत ते न कळणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल नवरा एकच वाक्य म्हणतो: असू दे, लागेल कधीतरी. मग ती वस्तू त्या खणात जाते. मी त्याला नावं ठेवत आले, पण खरं सांगायचं तर त्या खणात निम्मं माझंही होतं. त्या दिवशी दोघांनी मिळून तो खण जमिनीवर उपडा केला. अकरा चार्जर. तेवीस वायरी, त्यातल्या नऊ कशाच्या ते दोघांनाही सांगता येईना. चार फोन, दोन रिमोट ज्यांचे टीव्ही कधीच गेले, एका बाजूने ऐकू येणारे इयरफोन, पिशवीभर सेल, बशीभर सीडी, आणि खाली तळाशी, जणू पायाचा दगड, एक लॅपटॉप.

चार्जरांची रांग लावून बघितली तर गेल्या वीस वर्षांचा इतिहासच समोर मांडला गेला. जाड गोल पिन, बारीक गोल पिन, चपटी रुंद पिन, मग मायक्रो-यूएसबी, मग टाइप-सी. युरोपात २००९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी एकाच तऱ्हेच्या चार्जरसाठी आपसात करार केला होता, पण तो ऐच्छिक होता. कायद्याने टाइप-सी सक्तीचं झालं ते २८ डिसेंबर २०२४ पासून. म्हणजे मधली पंधरा वर्षं आमच्या खणासारखे खण जगभर भरत होते. नवऱ्याने बारीक गोल पिनचा एक उचलला आणि तोंड उघडलं. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने तो परत ठेवला.

आता हे सगळं "देऊन टाकायचं" असं आम्ही ठरवलं आणि वाटलं, शनिवारची एक सकाळ पुरेल. सात आठवडे लागले. वस्तू घरात येताना दहा मिनिटांत येते. बाहेर जाताना मात्र ती कागद मागते, पासवर्ड मागते, तुमच्या जुन्या सवयी उकरून काढते.

सुरुवात कागदांपासून केली, कारण तेच सोपं वाटलं. खणाच्या मागच्या बाजूला एका पाकिटात सगळ्या वस्तूंच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, वॉरंटीसाठी. पाकीट उघडलं तर निम्म्या पावत्या कोऱ्या. अक्षरशः कोऱ्या, फक्त कडेला फिकट जांभळट छटा. दुकानातलं यंत्र ज्या गुळगुळीत कागदावर पावती छापतं त्यात शाई नसतेच. कागदावर रसायनाचा थर असतो आणि उष्णतेने तो काळा पडतो. काही वर्षांत तो रंग उडून जातो. ओळखायची युक्ती सोपी आहे: कागदावर नखाने जोरात रेघ ओढायची. काळी उमटली तर तो थर्मल कागद. आणि असा कागद रद्दीत टाकायचा नाही, कारण त्या थरात बहुतेक वेळा बीपीए हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायन किंवा त्याचाच भाऊ बीपीएस असतो आणि रद्दीबरोबर लगदा झाला की तो नव्या कागदात उतरतो. इतकी वर्षं मी ही चिटोरी नेमाने रद्दीच्या गठ्ठ्यात घालत होते, कागद तो कागद म्हणून. त्या दिवशी आम्ही दोघं नखाने रेघा ओढत बसलो होतो. बघणाऱ्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

तेव्हापासून पावती हातात पडली की तिथल्या तिथे फोनने स्कॅन करते, फाइलला वस्तूचं नाव आणि तारीख देते. शोधताना नाव टाकलं की सापडते. जिथे पावती ईमेलवर मिळते तिथे कागद घेतच नाही. हे एवढं करायला मला साठावं वर्ष उजाडावं लागलं, पण झालं.

फोनांकडे वळताना मात्र माझे पाय अडखळले. चारपैकी एक फोन मी नऊ वर्षं टाकला नव्हता, कारण "त्यात फोटो आहेत." कुठले, ते आठवत नव्हतं, पण मोलाचे होते याची खात्री होती. चार्जर शोधला (खणातलाच, नवरा विजयी मुद्रेने हसला), तासभर लावून ठेवला आणि फोन उठला. नमुना कुलूप. नऊ ठिपके समोर, आणि डोक्यात काहीच नाही. तीनदा चुकले. मग नवऱ्याशी दुसरंच काहीतरी बोलता बोलता अंगठा आपोआप वळला आणि कुलूप उघडलं. डोकं विसरलं होतं, हाताला पाठ होतं. नंतर कागदावर तो नमुना काढून बघायला गेले तर जमेना.

आत अकराशे चाळीस फोटो. वीजमीटरचे आकडे. फ्रिजच्या मागचा मॉडेल नंबर, तीनदा, कारण दोनदा हलला होता. पार्किंगमधला खांब. औषधाची पट्टी. कुणाच्या तरी वहीचं पान. माझा अंगठा, किमान साठ वेळा. नऊ वर्षं ज्यासाठी जीव अडकला होता तो ठेवा असा होता. ठेवावेत असे सव्वीस फोटो निघाले, ते वेगळे काढून दोन ठिकाणी साठवले, आणि सेटिंगमध्ये जाऊन फोन साफ पुसला.

पुसण्याबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. जुन्या हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली म्हणजे ती गेली, असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी धडा आत तसाच असतो, तसं ते आहे. कुणी पानं चाळली तर वाचता येतं. अलीकडच्या फोनांचं वेगळं. त्यांच्यात सगळा मजकूर मुळातच कूटबद्ध असतो, आणि फॅक्टरी रीसेट केलं की त्याची किल्ली नष्ट होते. धडा राहतो, पण कुणालाच वाचता न येणाऱ्या लिपीत. म्हणून रीसेट करण्याआधी सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन, म्हणजे हीच कूटबद्ध करायची सोय, चालू आहे का ते बघून घ्यायचं. माझ्या सगळ्यात जुन्या फोनमध्ये ते बंद होतं. ते आधी चालू केलं, मग पुसला.

चौथ्या फोनाने मात्र माझा घाम काढला. त्याचं कुलूप ना डोक्याला आठवत होतं, ना हाताला. मग मी एक व्हिडिओ बघितला आणि आवाजाचं आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून तो बाहेरूनच रीसेट केला. मोठ्या फुशारकीने भाच्याला कळवलं. त्याने फक्त विचारलं, "आधी खातं काढलं होतंस का?"

नव्हतं काढलं. फोन चालू झाला आणि म्हणाला, या फोनवर आधी जे खातं होतं तेच टाका. ही चोरांना अडवायची युक्ती आहे. अँड्रॉइडमध्ये ती २०१५ पासून आहे, आयफोनमध्ये त्याच्याही दोन वर्षं आधीपासून. चोराने फोन पुसला तरी मालकाच्या खात्याशिवाय तो उघडू नये, हा हेतू. उत्तमच. फक्त इथे चोर मी होते. असा कुलूपबंद फोन दुरुस्त करून दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. चांगला चालता फोन असूनही तो फोडून धातू काढण्यापलीकडे त्याचा उपयोग उरत नाही.

खातं आठवलं, पासवर्ड नाही. "कोड पाठवा" दाबलं. कोड आला नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर नीट वाचलं, की कोड ज्या नंबरवर जातोय तो मी कधीच सोडून दिलाय. आणि मग डोक्यात प्रकाश पडला: सोडलेला नंबर काही कायमचा पडून राहत नाही. काही काळ रिकामा ठेवून कंपनी तो दुसऱ्या कुणाला तरी देते. इथे बाकी काही नाही तरी नंबरांचा पुनर्वापर मात्र चोख होतो.

मी त्या नंबरवर फोन लावला. एका तरुणाने उचलला. मी नाव सांगितलं, म्हटलं हा नंबर पूर्वी माझा होता.

"अच्छा, तुम्हीच का त्या!" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट एखादी ऐकून माहीत असलेली व्यक्ती भेटावी तसा आनंद होता. "तुमच्या विम्याचा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. दातांच्या दवाखान्यातून दोनदा आठवण आली, जाऊन या. आणि आत्ता पाच मिनिटांत तीन कोड आले."

"तोच कोड हवा होता," मी म्हणाले.

तो जरा थांबला. "काकू, राग मानू नका. पण कोड कुणाला सांगू नका असं त्यातच लिहिलंय. आणि तुम्ही खरंच त्याच आहात कशावरून?"

काय बोलणार? मुलगा शंभर टक्के बरोबर होता. मी त्याला शाबासकी देऊन फोन ठेवला आणि मग हातापायाला घाम फुटला. हा सज्जन निघाला. दुसरा कुणी असता तर त्याच तीन कोडांतल्या एकाने माझं खातं त्याचं झालं असतं. सगळे म्हणतात जुना फोन देण्याआधी फोटो काढून घ्या. जुना नंबर सोडण्याआधी तो कुठे कुठे दिलाय तिथून काढून घ्या, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बँक, विमा, ईमेल, दवाखाने, दुकानांची कार्डं. यादी करायला बसले तर एकोणीस ठिकाणं निघाली.

आता उरला लॅपटॉप. त्याच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असण्याची शक्यता होती. बॅटरी मेलेली, पण वायर लावल्यावर तो घरघरत उठला. चार मिनिटं लागली. वाय-फाय जोडलं, आणि एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी तेच: ही जोडणी सुरक्षित नाही. मी म्हटलं, गेला. भाच्याने व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवायला सांगितला आणि खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तारीख होती १ जानेवारी २०१०.

प्रत्येक साइटकडे ओळखपत्र असतं आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ग्राह्य असं असतं. आमचा लॅपटॉप २०१० मध्ये जगत होता, त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळ्या जगाची ओळखपत्रं भविष्यातली, म्हणजे खोटी. कारण एवढंच, की आत घड्याळ चालू ठेवणारा एक बटणाएवढा सेल असतो, तो संपला होता. त्याचं नाव सीआर २०३२. नावातच माप आहे: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तेवढ्या चकतीपायी अख्खा लॅपटॉप "बिघडला" म्हणून आम्ही खणाच्या तळाशी टाकला होता.

तारीख हाताने बदलली. साइटी उघडल्या. पासवर्ड ब्राउझरने खरंच जपून ठेवला होता. लगेच नवा घातला, नंबर बदलला. चौथा फोन नव्या पासवर्डला लगेच दाद देईना. एक दिवस थांबायला लावून दुसऱ्या दिवशी त्याने मला मालकीण म्हणून मान्य केलं. मग खातं काढलं आणि रीतसर पुसला.

लॅपटॉपबद्दल मात्र आमचा बेत बदलला. त्यावर विंडोज १० होतं, ज्याचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ या जुन्या यंत्रावर रीतसर चढत नाही, कारण त्याला लागणारी सुरक्षा-चिप यात नाही. टाकून द्यायला हे कारण पुरेसं होतं. भाचा म्हणाला, "विंडोजच्या जागी लिनक्स टाकून बघू, ती फुकट मिळणारी प्रणाली आहे. आवडलं नाही तर मग दे."

त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं यंत्र उघडलं. भाचा टेकवलेल्या फोनच्या पडद्यावर, मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. त्याने आधी एका कागदावर लॅपटॉपच्या पाठीचा चौकोन काढायला लावला. एक एक स्क्रू निघाला की त्या कागदावर नेमका त्याच जागी चिकटपट्टीने चिकटवायचा. बारा स्क्रू, त्यातले तीन आखूड. ते तीन लांब स्क्रूंच्या जागी गेले तर धरत नाहीत आणि लांब त्यांच्या जागी गेले तर दुसऱ्या बाजूला टोक काढतात, म्हणून हा सोपस्कार. झाकण निघालं तेव्हा पंख्यावर राखाडी लोकरीचा बोळा बसलेला. तो मऊ ब्रशने काढला. बटण-सेल नखाने उचलून नवा बसवला. जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घातली. सगळं मिळून दीड तास, त्यातला अर्धा तास घसरून पडलेला एक स्क्रू शोधण्यात.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट चढवलं. चार मिनिटांनी उठणारा लॅपटॉप आता मी खुर्ची ओढून बसेपर्यंत तयार असतो. वायर लावूनच चालवावा लागतो, पण मी तरी तो कुठे मिरवणार आहे? हा मजकूर त्यावरच टाइप करते आहे. काढलेली हार्ड डिस्क वायरीने जोडून तिच्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं लिहायला लावली. रात्रभर ते चाललं होतं. अनुक्रमणिका नव्हे, यावेळी सगळी पानंच कोरी केली.

मग उरलेलं बाहेर पाठवायची वेळ आली. घरी येऊन ई-कचरा नेणाऱ्या एका सेवेच्या ॲपवर नोंद केली. ठरलेल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा नोंद केली. दिवसभर थांबलो, आणि संध्याकाळी फोनवर संदेश: तुमचं साहित्य उचललं गेलं आहे, धन्यवाद, कृपया पाच तारे द्या. साहित्य समोर माझ्याकडे बघत होतं. तंत्रज्ञान अंगवळणी पाडून घ्यायचं म्हणजे हेही अंगवळणी पाडून घ्यायचं. मी एक तारा दिला आणि संकलन केंद्रावर स्वतः जायचं ठरवलं.

जाण्याआधी सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, हे केंद्राच्या सूचनांत होतं. पिशवीत सुटे सेल एकमेकांना टेकले की वीज वाहून ते तापतात. बटण-सेल आणि चौकोनी नऊ व्होल्टचे तर हमखास, कारण त्यांची दोन्ही टोकं जवळजवळ असतात. फुगलेला फोन वाळूसकट एका पत्र्याच्या डब्यात घेतला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी डबा मांडीवरून वर उचलत होते.

केंद्रावरच्या बाईंनी डबा बघितला आणि पहिल्यांदा तोच मागितला. "हे वेगळं सांगितलंत ते बरं केलंत. लोक तळाशी घालून आणतात, वरून पाच किलो वायरी." मग बाकीचं टेबलावर ओतून त्यांचे हात असे चालले, जसे निवडणाऱ्याचे चालतात. वायरी इकडे, तांबं. चार्जर इकडे. फोन एका पेटीत. दोन फोन चालू करून बघितले, पुसलेत का तपासलं आणि बाजूला ठेवले: हे दुरुस्तीला जातील, फोडायला नाही. खाली आमचा एक प्लास्टिकचा डबा आला, तो त्यांनी परत हातात दिला.

"खूण आहे ना त्यावर," नवरा म्हणाला. तीन बाणांचा त्रिकोण आणि आत ५.

"ती खूण प्लास्टिक कुठल्या जातीचं आहे ते सांगते. घेतलं जाईल असं नाही सांगत."

घरी येऊन मी ते वाचलं. तीन बाणांचं मूळ चिन्ह १९७० मध्ये गॅरी अँडरसन या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं होतं. आतले १ ते ७ आकडे प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये आणले, निवडणाऱ्यांना जात ओळखता यावी म्हणून: १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ५ पॉलिप्रोपिलिन, ७ म्हणजे इतर सगळं. पण बाण बघून लोकांचा व्हायचा तो समज झालाच, म्हणून २०१३ मध्ये मानकातून बाण काढून साधा भरीव त्रिकोण आणला. जुने साचे अजून चालूच आहेत, त्यामुळे बाणही आहेत. आणि खरी गंमत काळ्या प्लास्टिकची. मोठ्या केंद्रात पट्ट्यावरून धावणारं प्लास्टिक यंत्र अवरक्त किरणांनी ओळखतं. काळ्या रंगासाठी वापरलेली काजळी ते किरण गिळून टाकते, परत काही येतच नाही, म्हणून यंत्राला तो डबा दिसतच नाही. आमचा डबा काळा होता.

"टाकून तर बघू, घेतला तर घेतला" ही माझी जुनी खोड. त्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की त्यानेच त्यांचं काम दुप्पट होतं. व्हिडिओ कॅसेट परत, थर्मोकोल परत. सीडी घेतल्या.

त्या खोलीत भिंतीला लागून छातीएवढा फोनांचा ढीग होता. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातला आकडा मी आधी वाचला होता: २०२२ या एका वर्षात जगभर ६.२ कोटी टन ई-कचरा, आणि त्यातला नोंद होऊन रीतसर गोळा झालेला फक्त २२.३ टक्के. वाचताना तो नुसता आकडा होता. तिथे उभं राहिल्यावर वाटलं, उरलेल्यातला बराचसा टीव्हीखालच्या खणांतच असणार. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून काढलेल्या धातूची होती. दोन वर्षांत ७९ हजार टन उपकरणं जमली, त्यात ६२ लाख फोन, आणि त्यातून ३२ किलो सोनं. आमच्या चार फोनांत किती निघेल याचा हिशेब नवऱ्याने परतताना तोंडी मांडायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

खणात आता दोन टाइप-सी चार्जर आहेत, तीन वायरी, स्क्रू-ड्रायव्हरचा संच आणि एक सीआर २०३२, पाकिटातच. त्याबद्दल "असू दे, लागेल" असं मी म्हणाले, तेव्हा नवऱ्याने मोबाइलवर ते वाक्य रेकॉर्ड करून भाच्याला पाठवलं. उशाशी साधं सेलवरचं घड्याळ आलंय.

एकोणीस ठिकाणचा नंबर बदलायला महिना गेला. दोन ठिकाणी जुन्या नंबरवर कोड पाठवल्याशिवाय नवा नंबर घेत नव्हते. तिथे लेखी अर्ज दिले. परवा माझ्या नव्या नंबरवर एक संदेश आला. तो तरुण. मी त्याला फोन केला तेव्हाचा नंबर त्याने ठेवला होता.

"काकू, तीन आठवडे झाले, तुमचं काहीच येत नाहीये. फक्त चष्म्याचं दुकान राहिलंय. काल त्यांनी तुम्हाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यात."

माझा वाढदिवस काल नव्हता. ती तारीख मी दुकानात घाईत चुकीची सांगितली असणार. मी त्याला आभार मानणारा संदेश पाठवला आणि यादीत विसावा आकडा घातला.